रुख्मिणीसाठी रेकॉर्डिंग

१६ सप्टेंबर २०१८, रविवार

नवीन डिश बसली. एचडी, आणि रेकॉर्डिंगची सोय असलेली. बुलढाण्याहून प्रसेनजित स्वतः आला. टिनांवर चढून छत्री पक्की केली, खाली येऊन चहा घेतला आणि म्हणाला, "किसनभाऊ, हे आता कोणी घेत नाही. सारे मोबाईलवर पाहून राह्यले. दुकानात हा एकच उरला होता." उरला नव्हता, माझ्यासाठी थांबला होता. असं मी मनात म्हटलं.

रुख्मिणीला माहेरी दुसरबीडला जाऊन आज चार आठवडे झाले. आई वारली म्हणून गेली. तेरवी झाली तरी तिथेच आहे. थोडा राग आहे माझ्यावर. उतरेल.

ती आली की तिला हे यंत्र नीट समजावून सांगता यावं म्हणून लिहून ठेवतो. एक चॅनल पाहताना दुसरं रेकॉर्ड होतं. 'सिरीज' दाबलं की मालिका रोज आपोआप रेकॉर्ड होते. जो भाग पुसला जाऊ नये त्याला कुलूप लावता येतं. पाचशे जीबी आहे. पाचशे जीबी म्हणजे किती, असं विचारलं तर प्रसेनजित म्हणाला, "तुम्ही थकसान, तो नाही भरनार." आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पॉज. चालू कार्यक्रम, लाईव्ह असला तरी, जागच्या जागी थांबतो. आपण परत येईपर्यंत तसाच राहतो.

संकल्प: तिची साडेसातची मालिका आजपासून रोज रेकॉर्ड करायची. एकही भाग बुडता कामा नये. तिच्या भावाकडे टीव्ही आहे, पण साधा.

१७ सप्टेंबर, सोमवार

पॉज करून पाहिलं. लाईव्ह कीर्तन चालू होतं. महाराजांचा हात वर, तोंड उघडं, मागे टाळकऱ्यांचे डोळे मिटलेले. दाबलं. थांबले. मी उठलो, तुळशीला पाणी घातलं, चक्कीचं कुलूप पाहून आलो, पाय धुतले. परत आलो तर महाराज तसेच. हात वर. मला फार ओशाळल्यासारखं झालं. हात जोडले आणि मग चालू केलं. एक शब्द चुकला नाही.

मनात आलं ते लिहितो. १९ ऑगस्टला हे बटन असतं तर काही झालं नसतं. त्या दिवशी सव्वासहाला मेहुण्याचा, इंद्रभानचा, फोन आला. मायची तब्येत बिघडली, लगेच निघा. टीव्हीवर कीर्तन नुकतंच सुरू झालं होतं. मी म्हटलं, आरती होऊ दे, मग निघू. आरतीआधी कीर्तनातून उठू नये, हे मी लहानपणापासून पाळत आलो. टीव्हीवरचं असलं म्हणून काय झालं, देव तोच. रुख्मिणी पिशवी घेऊन दारात उभी होती. सव्वासातला आरती झाली. गल्लीतल्या उकंडरावच्या जीपने निघालो. पोचलो तेव्हा सासूबाईंना जाऊन पाऊण तास झाला होता.

रस्ता खराब होता. चिखलीत कोंडी होती. तेही आहेच. पण मुख्य दोष जुन्या बॉक्सचा. त्यात पॉज नव्हतं.

हे तिला एकदा नीट समजलं की झालं.

२२ सप्टेंबर, शनिवार

सहा भाग जमा. सगळ्यांना कुलूप लावलं.

दळण घ्यायला उकंडराव आला होता. सगळ्यांसमोर म्हणाला, "काय किसनभाऊ, वहिनी घरी नाही अन् टीव्ही नवा! मजा आहे बे तुही." बायका हसल्या. मी पिठाचा डबा झाकला. तो गेला नाही. म्हणाला, "घ्यायले जाय ना बे. देवाची रुख्मिणी रुसली तर देव सोता गेला होता मागं, दिंडीरवनात." मी म्हटलं, देवाला चक्की नव्हती.

उत्तर चांगलं होतं. बायका पुन्हा हसल्या. रात्री जेवताना मात्र ते तितकं चांगलं वाटलं नाही.

माहेरी राहिलेली बाई आपणहून परत येत नसते, घ्यायला जावं लागतं, हे मला माहीत आहे. जाणारच आहे. पण रिकाम्या हाताने जायचं नाही. महिन्याभराचे भाग जमा झाले की जायचं. म्हणजे सांगता येईल, तुझं काहीच बुडालं नाही.

२५ सप्टेंबर, मंगळवार

इंद्रभानचा फोन. "दाजी, कधी येता घ्यायले?" मी म्हटलं, आजपासून पितृपक्ष. या दिवसांत कोणाला घरी आणू नये. तो म्हणाला, "बाई घरचीच आहे ना दाजी, नवी नवरी थोडी आहे." त्याला शास्त्र फारसं माहीत नाही.

रुख्मिणीला फोन दे म्हणणार होतो, तेवढ्यात ठेवला त्याने. किंवा मी ठेवला. लक्षात नाही.

२९ सप्टेंबर, शनिवार

माकडं. सकाळी टिनांवर सात होती. एक मोठं छत्रीला टेकून बसलं होतं. टीव्हीवर पट्ट्या पट्ट्या दिसू लागल्या. काठी घेऊन वर गेलो, घसरलो, गुडघा खरचटला. छत्री हलली होती. प्रसेनजितला बोलावलं.

यावरून एक गोष्ट सिद्ध झाली. मी घर सोडून जाऊ शकत नाही. मी दुसरबीडला असताना माकडं आली तर तिचाच भाग बुडेल.

३ ऑक्टोबर, बुधवार

मालिका पाहू लागलो आहे. रेकॉर्डिंग नीट होतं की नाही हे तपासण्यासाठी. आधी दोन मिनिटं पाहायचो, आता पूर्ण पाहतो. हरिपाठाला जायला थोडा उशीर होतो, पण पॉजमुळे निभावतं.

त्यातला नवरा फार मूर्ख दाखवला आहे. बायको समोर उभी राहून डोळे पुसते आणि हा विचारतो, भाजीत मीठ कमी का? असे पुरुष खरोखर असतात का कोण जाणे. रुख्मिणी आली की यावर बोलू. आमचं बोलणं तसं कमीच. पण आता विषय मिळाला आहे.

६ ऑक्टोबर, शनिवार

प्रसेनजितला फोन केला. माकडांचं काही यंत्र मिळतं का विचारलं. तो म्हणाला, "तुम्ही काऊन एवढे राखत बसता? सिरीज लावली ना, तुम्ही काशीले गेले तरी रेकॉर्ड होते. मोबाईलवरूनबी लावता येते. ॲप टाकून देऊ काय?"

हे वैशिष्ट्य मला आवडलं नाही. म्हटलं, बघू.

८ ऑक्टोबर, सोमवार

सर्वपित्री. सासूबाईंच्या नावाने पान वाढलं. जावयाने वाढावं की नाही माहीत नाही. वाढलं. कावळा आला नाही. बराच वेळ उभा होतो. शेवटी गाईला दिलं.

त्या आल्या की माझ्यासाठी ज्वारीच्या पापड्यांची पिशवी आणायच्या. मला फार आवडतात असं त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे. मी कधी सांगितलं नव्हतं.

१० ऑक्टोबर, बुधवार

घट बसले. अखंड दिवा लावला. आता नऊ दिवस घराबाहेर मुक्काम नाही. उकंडराव म्हणाला, "मी घालतो दिव्यात तेल. तू जाय." मी म्हटलं, दुसऱ्याच्या हाताने अखंड दिवा चालत नाही. तो म्हणाला, "तुह्या घरी दिवा कोन लावे बे आजवर?"

रुख्मिणी लावायची. पण तो प्रश्न वेगळा.

१४ ऑक्टोबर, रविवार

साडेसातला लाईन गेली. अकरा मिनिटं. अकरा मिनिटांचा भाग गेला. जेवलो नाही. उपवासच आहे, पण फराळही केला नाही. दुपारी इन्व्हर्टरची चौकशी करायला कोणाला तरी खामगावला पाठवायला हवं होतं, ते सुचलं नाही याचा राग आला.

मुलीला, अश्विनीला, फोन करून सांगितलं. ती खामगावलाच दिली आहे. तिने विचारलं, "बाबा, आईशी बोलले का?" मी म्हटलं, आधी इन्व्हर्टरचं बघ.

१८ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

जावयाने इन्व्हर्टर आणून बसवला. सोनं दिलं-घेतलं. रुख्मिणीच्या वाट्याचं पान देव्हाऱ्यात ठेवलं.

दिवा नऊ दिवस टिकला. दोनदा विझला, पण माझ्या समोरच विझला आणि मी लगेच लावला, त्यामुळे तो अखंडच धरायचा.

अश्विनी जाताना म्हणाली, "बाबा, आता कशाची अडचण आहे?" मी म्हटलं, दिवाळी तोंडावर आहे. भाजणी, बेसन, चक्कीला उसंत नसते. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. अगदी आईसारखा.

संकल्प: पाडव्याला रुख्मिणी घरी ओवाळायला असली पाहिजे. इंद्रभानकडे यंदा दुःखाची दिवाळी, कढई चढणार नाही. मग तिथे राहून ती करणार काय? येईलच.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

मोठी चूक. पाचशे जीबी भरले. मी तिच्या मालिकेशिवाय सकाळची कीर्तनं आणि काकडे पण साठवत होतो. जागा संपली की हा बॉक्स कुलूप नसलेलं आपोआप पुसतो. न विचारता. बावीस कीर्तनं गेली. तिचे भाग सगळे जागेवर.

आधी वाईट वाटलं. मग वाटलं, बरं झालं. हे तिला सांगता येईल. तुझ्यासाठी बावीस कीर्तनं गेली. हे ऐकून कोणीही विरघळेल.

२७ ऑक्टोबर, शनिवार

शेजारच्या आशाबाई भाजणी दळायला आल्या. मी कौतुकाने सांगितलं की रुख्मिणीचे सगळे भाग कुलूप लावून ठेवले आहेत. त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. म्हणाल्या, "कोनती मालिका, भाऊ? ती कवा पाहे मालिका?"

मी म्हटलं, साडेसातची. मी हरिपाठाला निघतो, रिमोट तिच्या हातात देतो. दारातून बाहेर पडेपर्यंत मालिकेचं गाणं मला ऐकू येतं. वर्षानुवर्षं.

आशाबाई म्हणाल्या, "टीव्ही चालूच राहे. पन कानाले फोन राहे. रोज साडेसातले मायसंग बोले ती. आपलं बोलनं गल्लीत जाऊ नाही म्हनून आवाज मोठा करे टीव्हीचा. तुम्ही हरिपाठाहून येईपर्यंत बोलत राहे. आमची भिंत एकच ना भाऊ, मले ऐकू ये. कई हासे, कई रडे."

भाजणी जाड दळली गेली. पुन्हा दळून द्यावी लागली.

संध्याकाळी साडेसातला टीव्ही लावला नाही. रेकॉर्डिंग होत होतं, पुढचा लाल दिवा लागला होता. त्या दिव्याकडे पाहत बसलो. चक्कीत आता कोणीही नव्हतं तरी पट्ट्याचा आवाज येतोय असं वाटत राहिलं.

२८ ऑक्टोबर, रविवार

रात्रभर विचार करून आता मन स्थिर आहे. मालिका पाहत नव्हती, ठीक. तरी पॉजचं बटन उरतंच. मुद्दा तोच होता. मालिका ही नुसती वरची गोष्ट.

शुक्रवारी जायचं ठरलं. कारण उरलं नाही म्हणून नव्हे, स्वतःहून ठरवलं.

१ नोव्हेंबर, गुरुवार

बॉक्स सोबत नेणार. तोंडाने सांगून पॉज समजत नाही, दाखवावं लागतं. प्रसेनजितला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "नका नेऊ. तो इथल्या छत्रीवर सेट आहे. तिथं काहीच दिसनार नाही." पण इंद्रभानकडे त्याच कंपनीची छत्री आहे, मी तेरवीला पाहिली आहे. प्रसेनजित सावध माणूस आहे, उगाच घाबरवतो.

चार किलो बेसन दळून घेतलं. दुःखाच्या घरी फराळ आपण न्यायचा असतो. लाडू अश्विनीने पाठवलेत. धोतर नवीन की धुतलेलं? धुतलेलं. नवीन घातलं तर मुद्दाम आल्यासारखं दिसेल.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

जाऊन आलो.

सकाळच्या गाडीने गेलो. बॉक्स टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेतला होता. कंडक्टरने विचारलं, "देव आहे काय?" मी म्हटलं, तसंच समजा. त्याने शेजारच्याला सरकून बसायला सांगितलं.

रुख्मिणी ओट्यावर मूग निवडत होती. मला पाहून उठली, पाणी दिलं. वाळली आहे. माझ्या हातातल्या गाठोड्याकडे पाहून म्हणाली, "हे काय आनलं?" मी म्हटलं, थांब, दाखवतो. एकदम बोलायचं नाही असं गाडीतच ठरवलं होतं. आधी यंत्र, मग बोलणं.

इंद्रभान आणि मी वायरी जोडल्या. 'सिग्नल नाही.' मी वर चढलो, छत्री फिरवली, तो खालून ओरडत होता, "नाही दाजी. नाही. अजून नाही." एक तास. वरून दिसत होतं, ती सूप मांडीवर घेऊन तशीच बसली होती. निवडत नव्हती. माझ्याकडेच पाहत होती.

शेवटी खाली आलो आणि तोंडीच सांगितलं. एचडी, पाचशे जीबी, सिरीज, कुलूप. बावीस कीर्तनांचं पण सांगितलं. मग पॉज. महाराजांचा हात कसा वरच राहिला ते हाताने करून दाखवलं. म्हटलं, हे तेव्हा असतं तर आपण लगेच निघालो असतो.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मायनं तीनदा इचारलं, रुख्मी आली काय. इंद्रभाननं सांगतलं मले. पहिल्यांदा इचारलं तवा तुम्ही आरती म्हनून राह्यले होते."

मी टॉवेलची घडी करू लागलो.

ती म्हणाली, "कीर्तन थांबत नव्हतं, हे समजते मले. पन तुमाले उठता येत होतं."

मी काय म्हटलं? मी म्हटलं, नवीन बॉक्समध्ये आता तसं होणार नाही.

ती उठून आत गेली. पोळ्या केल्या. पाट मांडला, तांब्या भरून ठेवला, तूप दोनदा विचारलं. पाहुण्याला विचारतात तसं. माझं जेवण होईपर्यंत समोर बसली. घरी ती कधी समोर बसत नसे, मी कीर्तन ऐकत जेवतो म्हणून असेल.

तीनच्या गाडीने निघालो. ती दारापर्यंत आली. इंद्रभान बॉक्स घेऊन स्टँडपर्यंत आला. गाडी लागल्यावर म्हणाला, "सांभाळून जा दाजी," आणि बॉक्स खिडकीतून आत दिला.

४ नोव्हेंबर, रविवार

चक्कीवर गर्दी. उकंडरावने विचारलं, "काय झालं बे?" मी म्हटलं, वर्षश्राद्धापर्यंत भावाला आधार म्हणून थांबते म्हणाली. तो म्हणाला, "असं म्हनली काय वहिनी?" मी पट्टा चालू केला. पट्टा चालू असला की कोणाचंच ऐकू येत नाही.

८ नोव्हेंबर, गुरुवार. पाडवा

सकाळी देवपूजा केली. स्वतःच्या हाताने उटणं लावलं. पाठीला हात पुरत नाही.

अश्विनीचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "बाबा, एक विचारू? तुम्ही आईले 'घरी चाल' असं म्हटलं होतं काय?"

मी म्हटलं, म्हणजे काय! त्यासाठीच तर गेलो होतो. म्हटलं ना. तीच नाही म्हणाली.

ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

दुपारभर बसून आठवलं. ओट्यावर पाणी घेताना काय बोललो, वरून उतरल्यावर काय बोललो, पाटावर बसताना काय बोललो, दारात चप्पल घालताना काय बोललो. पुन्हा पहिल्यापासून आठवलं.

पोरीला खोटं सांगितलं. मी म्हटलं नव्हतं.